विळ्यासारखी पेशी



सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा आजार नवा नाही.

रक्तातली तांबडी पेशी गोल असते.
या आजारात प्राणवायू कमी पडला, की ती विळ्यासारखी वाकते.
बारीक रक्तवाहिनीत अडकते.
मग हाडं, सांधे ठणकतात.

कारण? हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. एवढाच!

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं.
ते पेशीला वाकू देत नाही.
2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला जनुक-उपचार तेच पुन्हा वाढवतो.
महाग आहे, फार महाग.
हायड्रॉक्सियुरिया हे जुनं औषधही थोडंफार तेच करतं.

आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं, तरच हा आजार होतो.
म्हणून लग्नाआधी रक्त तपासा.
पुन्हा सांगतो, लग्नाआधी.
सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत आहे.