सी ड्राइव्ह लाल झाल्यावर
(रेडिओवरील भाषण)

दिवाळीच्या तोंडावर नागपुरात सीताबर्डीतल्या एखाद्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ थांबलं, की एक संवाद हमखास कानी पडतो. "भाऊ, पीसी लय हँग होऊन राहिला, जरा साफ करून द्या ना." काउंटरमागून उत्तर येतं, "ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो. डेटा डी ड्राइव्हलाच आहे ना?" गिऱ्हाईक मान हलवतं आणि पुढच्या कामाला निघून जातं.

डेटा नेमका कुठे आहे, हे त्या मान हलवणाऱ्याला बहुधा माहीत नसतं. डेस्कटॉपवर दिसणारी फाइल, डॉक्युमेंट्समधला भाडेकरार, डाउनलोड्समध्ये पडलेलं मुलाचं प्रवेशपत्र, हे सगळं मुळात सी ड्राइव्हवरच असतं. डोळ्यांसमोर दिसतं म्हणून ते वेगळ्या जागी आहे असं वाटतं, इतकंच. फॉरमॅट मारला की विंडोजबरोबर तेही जातं. इतवारीतल्या व्यापाऱ्यांकडे तर टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटाही अनेकदा सी ड्राइव्हवर असतो. ज्यानं कधीकाळी टॅली बसवून दिलं, त्यानं जागा बदललेली नसते आणि मालकाला ती विचारायचं सुचलेलं नसतं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. मशीन साफ करताना उडाले, हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

मग साफसफाई करूच नये का? करावी, पण कशासाठी करतो ते कळायला हवं. सी ड्राइव्हचा निळा पट्टा लाल झाला, म्हणजे जागा अगदी संपत आली, की विंडोजची अपडेट अडकतात, प्रोग्रामना तात्पुरत्या फाइल लिहायला जागा उरत नाही आणि मशीन खरंच रडकुंडीला येतं. अशा वेळी टेम्पररी फाइल, ब्राउझरचा साठा, मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेली जुनी विंडोज काढली तर कित्येक जीबी मोकळे होतात. मात्र अर्धी डिस्क आधीच रिकामी असेल, तर लग्नाचे फोटो उडवून वेग वाढत नाही. जुन्या मशीनच्या संथपणाचं मूळ बहुतेक वेळा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये असतं. ती काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली, तर जो फरक पडतो तो दहा वेळा साफ करूनही पडणार नाही. गंमत अशी, की लोक या खर्चाला कचरतात आणि 'पीसी बूस्टर' नावाचं काहीतरी फुकटात उतरवून घेतात.

या फुकटच्या झाडूंचा इतिहास फार काही चांगला नाही. सीक्लीनर हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं नाव. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच चोरट्यांनी घातक कोड घुसवला होता, आणि कंपनीच्याच आकड्यानुसार ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचली. म्हणजे कचरा काढायला आणलेलाच घाण घेऊन घरात आला. खुद्द मायक्रोसॉफ्टचीही फजिती झालेली आहे. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटनं काही लोकांच्या फाइल उडवल्या आणि कंपनीला ते वाटप काही दिवसांतच थांबवावं लागलं. त्याच आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत 'डाउनलोड्स' ही ओळही येऊन बसली होती. तिच्यापुढे टिक आपोआप नसायची, पण सवयीनं वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकोनांत टिक मारणाऱ्यांनी आपलाच डाउनलोड फोल्डर साफ केला. पुढे ती ओळ काढून टाकण्यात आली.

मराठीत काम करणाऱ्यांसमोर आणखी एक खड्डा आहे, आणि त्याबद्दल इंग्रजी पुस्तकं काही सांगत नाहीत. युनिकोड रुळण्याआधी नागपुरातल्या डीटीपीच्या दुकानांत पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक जुळवले गेले ते श्रीलिपी, आयएसएम यांच्या किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांवर. या फॉन्टांची युक्ती अशी, की फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी 'क' नि 'ख'चे आकार दाखवतो. आता कोणी सल्ला देतं की फॉन्ट जास्त झाले म्हणून मशीन अडतं, अनोळखी नावाचे काढून टाका. काढले जातात. मग एक दिवस पंधरा वर्षांपूर्वीच्या संस्थेच्या स्मरणिकेची पेजमेकरमधली फाइल उघडावी, तर पानभर डॉलरची चिन्हं, तिरके कंस आणि बेवारस इंग्रजी अक्षरं. फाइल शाबूत आहे, पण तो फॉन्ट पुन्हा मिळेपर्यंत ती वाचता येत नाही. श्रीलिपीच्या जुन्या आवृत्तीला तर मशीनला लावायचं डाँगल लागायचं, आणि खणातलं ते बिनकामाचं वाटणारं प्लास्टिक दसऱ्याच्या आवराआवरीत सर्वांत आधी केरात जातं.

केरात काय जाऊ शकतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरातलं आहे. जेम्स हॉवेल्स यांच्याकडे एकसारख्या दिसणाऱ्या दोन जुन्या हार्ड डिस्क होत्या. २०१३ मध्ये त्यांतली चुकीची डिस्क कचऱ्यात गेली, जिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं त्यांचा दावा फेटाळला. दोन डिस्कवर मार्कर पेननं दोन नावं लिहिली असती तर ही बातमी झालीच नसती.

इथे एक उलटा प्रकार लक्षात येतो. रोजच्या वापरातलं मशीन लोक घासूनपुसून लख्ख करतात आणि विकायचं किंवा भंगारात द्यायचं मशीन तसंच उचलून देतात. जिथं पुसायलाच हवं, तिथं कोणी पुसत नाही.

डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामा केला, म्हणजे फाइल गेली असा समज आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर प्रत्यक्षात होतं ते असं, की सातबाऱ्यावरून नाव कमी होतं, पण शेतात पीक तसंच उभं असतं. कोणी नवा नांगर घालीपर्यंत. क्विक फॉरमॅटही याच जातीचा. म्हणूनच चुकून उडालेले फोटो रिकव्हरीवाल्याला परत मिळवता येतात, आणि म्हणूनच विकलेल्या डिस्कवरून अनोळखी माणसालाही ते मिळतात. एसएसडीचं गणित मात्र वेगळं. तिथं ट्रिम नावाची आज्ञा उडवलेल्या फाइलची जागा बऱ्याचदा लगेच मोकळी करायला लावते, त्यामुळे चुकून उडवलेलं परत मिळण्याची आशा फार कमी. वेग मिळाला, पण चुकीला माफी गेली.

एमआयटीतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: १२९ डिस्क चालू होत्या, त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांवर क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली असावी असं दिसत होतं. काळ बदलला म्हणावं, तर २०२२ मध्ये मॉर्गन स्टॅन्ले या बलाढ्य वित्तसंस्थेला अमेरिकेच्या नियामकानं साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. त्यांनी जुनी यंत्रं हटवायचं काम सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं होतं, आणि ग्राहकांच्या माहितीसकट काही डिस्क इंटरनेटवरच्या लिलावात विकल्या गेल्या.

नागपूरला याची आठवण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेमुळे राहायला हवी. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि सीताबर्डीपर्यंत दुकानांत, तळघरांत पाणी घुसलं. चिखलात बुडालेला सीपीयू बंद पडतो, म्हणून मालक त्याला मेला असं धरतो आणि भंगारवाल्याच्या गाडीवर टाकतो. पण पाण्यानं बोर्ड जळला तरी तबकडीवरची नोंद पुसली जात नाही. चार्टर्ड अकाउंटंटच्या किंवा डॉक्टरांच्या अशा डिस्कमध्ये शेकडो लोकांचे पॅन, आधार, तपासण्यांचे अहवाल असू शकतात. आणि ज्याला तो डेटा परत हवाच आहे, त्यानं ओली डिस्क घाईनं सुरू करून पाहू नये, घरी उघडूही नये. वाचण्याची थोडीफार शक्यता असते, तीही त्यानं जाते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, अशी कितीतरी आता सेकंडहँड बाजाराच्या वाटेवर आहेत. विकण्याआधी सेटिंगमध्ये 'रीसेट धिस पीसी' घेऊन 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडायचं, आणि तिथल्या 'चेंज सेटिंग्ज'मध्ये 'क्लीन डेटा' सुरू करायचं. मोठ्या फिरत्या डिस्कला याला तासन्‌तास लागतात, म्हणून घाईतला दुकानदार ते करत नाही. ते घरी रात्रभर लावून ठेवणं बरं. डिस्क सुरूच होत नसेल, तर ड्रिलनं तबकड्यांना आरपार भोकं पाडून मगच ती भंगारात द्यावी. मात्र लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि फुटल्या की बारीक तुकडे उडतात, तेव्हा ड्रिल हातात घेण्याआधी डोळ्यांवर चष्मा चढवलेला असावा.