मेंदूंतील एक बारीक धमनी



आपणांपैकीं पुष्कळांचे आईवडील किंवा काकामामा अजून गांवींच राहतात. समजा, यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीहून पहाटें आपणांस दूरध्वनी आला : "बाबांचा उजवा हात उचलत नाहीं, पायहि लुळा पडला आहे, पण शुद्धीवर आहेत. उजाडेपर्यंत थांबावें का?" या प्रश्नाचें उत्तर नीट देतां यावें, म्हणून मेंदूंतील एका लहानशा धमनीची ओळख आज करून देणार आहें.

मानेंतून वर जाणारी मोठी धमनी कवटींत शिरून दुभंगते; त्याच्या किंचित् अलीकडे तिला एक बारीक फांदी फुटते. तिचें नांव अँटिरिअर कोरॉइडल. उगमाशीं तिची जाडी सुमारें १ मिलिमीटर. दृष्टीच्या तंतूंच्या सोबतीनें ती मागें जाते आणि मेंदूच्या पोकळींत, जेथें मेंदूभोंवतालचें पाणी पाझरतें, त्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यास मिळते. वाटेंत ती ज्या भागाचें पोषण करते, तो आकारानें लहान पण मोलाचा. अर्ध्या शरीरास हालचालीचा हुकूम नेणारे तंतू तेथें एका अरुंद खिंडींत एकत्र येतात. माळावर झाड पडलें तर गाडी बाजूनें काढतां येते. घाटांत दरड कोसळली कीं सगळीच वाहतूक खुंटते. ही धमनी बुजली कीं तसेंच घडतें.

१९२५ सालीं पॅरिसचे डॉक्टर फ्वा व त्यांचे सहकारी यांनीं तिच्या बुजण्याचीं तीन लक्षणें वर्णिलीं : विरुद्ध बाजूचें अंग लुळें पडणें, तेथील स्पर्शज्ञान जाणें व त्याच बाजूचें दोन्ही डोळ्यांस न दिसणें. तिन्ही लक्षणें प्रत्येक रोग्यांत आढळतातच असें नाहीं. कारण शेजारच्या धमन्या थोडाफार आधार देतात. अमेरिकन शस्त्रवैद्य कूपर यांच्या हातून एका शस्त्रक्रियेंत ही धमनी चुकून फाटली व ती बंद करावी लागली. रोग्यास पक्षाघात तर झाला नाहींच, उलट त्याचा कंप थांबला! १९५३ सालीं त्यांनीं हा उपाय म्हणून मांडला. परंतु पुढें कांहीं रोग्यांस अपाय झाल्यानें तो मागें पडला.

जिवंत माणसाच्या मेंदूंतील धमन्यांचें चित्र प्रथम १९२७ सालीं लिस्बन येथें एगास मोनिझ यांनीं घेतलें. क्ष-किरणांना अडविणारें औषध धमनींत सोडून ते छायाचित्र घेत. १९७१ सालीं लंडनमध्यें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें रोग्याच्या मेंदूचे थर प्रथम दाखविले. तेंच आजचें सी.टी. स्कॅन.

येथेंच एक घातक गैरसमज होतो. रक्तस्राव झाला असेल, तर सी.टी. स्कॅनमध्यें तो बहुधा तत्काळ पांढरा दिसतो. पण गुठळीनें लहान धमनी बुजली असेल, तर पहिले कांहीं तास चित्र अगदीं स्वच्छ येऊं शकतें. एम.आर.आय.च्या एका विशेष चित्रांत ही इजा पुष्कळ लौकर दिसते. म्हणून "फोटो चांगला आला, आतां घरीं नेऊं" असें कोणीं म्हणूं नये. त्या चित्रावरून रक्तस्राव नाहीं एवढें ठरतें, आणि मगच गुठळी विरघळविणारें औषध देतां येतें. त्याची सर्वसाधारण मुदत साडेचार तासांची. आणि ती मोजावयाची रोगी शेवटचा धडधाकट दिसला तेव्हांपासून.

तेव्हां पहाटेच्या त्या प्रश्नाचें उत्तर : क्षणभरहि थांबूं नका. १०८ क्रमांकास बोलवा. कोणत्या रुग्णालयांत स्कॅन व हें औषध दोन्ही मिळतील तें आधीं विचारा. बाबा शेवटचे बरे केव्हां दिसले, ती वेळ कागदावर लिहा. तोंडानें पाणी किंवा गोळी देऊं नका. मुदत उलटली असें वाटलें तरी न्याच. निर्णय वैद्यांस करूं द्या.

विदर्भांतल्याच गडचिरोलीच्या खेड्यांत झालेल्या पाहणींत पक्षाघात हेंच मृत्यूचें पहिलें कारण ठरलें. तो अहवाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. ही बारीक धमनी आपणांस दिसत नाहीं. पण तिला झिजविणारा रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजतां येतो. पुढच्या खेपेस गांवीं जाल तेव्हां वडीलधाऱ्यांचा तेवढा मोजून घ्या.