सेवेच्या मागें उभी राहणारी मंडळी

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्यानें सुमारें ३० किलोमीटर पुढें गेलें म्हणजे निफाड तालुक्यांतील पिंपळगांव बसवंत लागतें. हा द्राक्षांचा, कांद्यांचा आणि टोमॅटोंचा मुलूख. आश्विन-कार्तिकांत छाटलेल्या वेलींवर पौष-माघांत घड भरूं लागतात, आणि तेथून बागाईतदाराची झोंप उडते. पीक दिसूं लागल्याचा आनंद खरा. पण तें तोडणारे हात वेळेवर मिळतील कीं नाहीं, ही काळजी त्या आनंदाहून मोठी असते. एक अवकाळी पाऊस पुरे, वर्षाची कमाई मातींत जाते. अशा मुलुखांत राहणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याला शुभवर्तमानांतील एक प्रसंग फोड करून सांगावा लागत नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय संपतां संपतां येशू लोकसमुदायाकडे पाहतो. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी त्यांची दशा त्याला दिसते, आणि तो शिष्यांना पिकाचा दाखला देऊन सांगतो कीं, काम उदंड आहे आणि हात थोडे आहेत, तेव्हां शेताच्या धन्यापाशीं कामकऱ्यांसाठीं मागणें करा. वर्गणी गोळा करा, असें तो प्रथम म्हणत नाहीं. समिति नेमा, असेंहि म्हणत नाहीं. लगेच दहावा अध्याय उघडतो तो बारा शिष्यांच्या पाठवणीनें. ज्यांना कामकरी मागावयास सांगितलें, तेच कामकरी ठरले. अध्यायांचे आंकडे फार मागाहून घातलेले आहेत, आणि त्यांच्यामुळें हा सांधा पुष्कळ वाचकांच्या नजरेंतून निसटतो. मंडळीनें आपल्या सेवाकार्यासाठीं प्रार्थना कां करावी, या प्रश्नाचें निम्में उत्तर त्या सांध्यांत आहे. मनापासून मागणारा मनुष्य फार काळ कामाच्या बाहेर उभा राहूं शकत नाहीं.

तरी आक्षेप घेणारे आक्षेप घेतात, आणि ते अगदींच वावगे नाहींत. देव सर्वज्ञ आहे, त्याचें काम त्याला ठाऊक आहे, मग त्याला आठवण करून देण्याचें प्रयोजन काय? शिवाय पाळक हा धर्मशास्त्र शिकून आलेला असतो, त्याला वेतन मिळतें. उपदेश करणें, आजाऱ्यांस भेटणें, बाप्तिस्मा, लग्नें, प्रेतसंस्कार हीं त्याचीं नेमलेलीं कामें. त्यांचा भार मंडळीनें आपल्या मनावर कां घ्यावा? तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. प्रार्थना ही कित्येकदां अंग काढून घेण्याची सभ्य रीत असते. खिशांत हात घालावयाचा नसला म्हणजे मनुष्य गुडघे टेकतो, असें हा आक्षेपक म्हणतो.

पहिल्या आक्षेपाला उत्तर थोडक्यांत देतां येतें. मुलाला भूक लागली आहे हें आईला ठाऊक असतें. म्हणून मुलानें मागूंच नये, असें कोणत्याहि घरीं म्हणत नाहींत. मागण्यानें आईच्या ज्ञानांत भर पडत नाहीं, पण मागणें थांबलें कीं नातें सुकतें. उरलेल्या दोन आक्षेपांसाठीं मात्र इतिहासाकडे वळावें लागतें. आणि त्या इतिहासाची वाट नाशिकवरूनच जाते.

१८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, विल्यम्सटाउन येथें, कॉलेजांतले पांच विद्यार्थी उघड्या माळावर प्रार्थनेसाठीं जमले होते. वादळ उठलें, तेव्हां ते गवताच्या एका गंजीच्या आडोशाला गेले, आणि तेथें बसून आशिया खंडांतील लोकांपर्यंत सुवार्ता पोहोंचावी म्हणून त्यांनीं प्रार्थना केली. जवळ पैसा नाहीं, जहाज नाहीं, पाठविणारी संस्था नाहीं. त्या गंजीपाशीं जी चळवळ सुरू झाली तिच्यांतून १८१० सालीं ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था निघाली, आणि १८१३ सालच्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो हाच. हॉल हे त्याच कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडलेले होते.

तेरा वर्षांनंतर, १८२६ च्या मार्च महिन्यांत, हॉल नाशिकला आले, तेव्हां शहरांत पटकीची सांथ चालू होती. जवळ होतें नव्हतें तें औषध त्यांनीं आजाऱ्यांना वांटून टाकलें. परतीच्या वाटेवर, २० मार्च रोजीं, त्याच सांथीनें त्यांना गांठलें, आणि कांहीं तासांत सारें आटोपलें. बरोबर दोन ख्रिस्ती तरुण होते. मूठमाती देणारे तेवढेच. तेरा वर्षांच्या कष्टांचें डोळ्यांना दिसणारें फळ त्या दिवशीं फारच थोडें होतें. गंजीखालीं प्रार्थना करणाऱ्या पांचांपैकीं बहुतेकांना हिंदुस्थानचा किनारा कधीं दिसलाहि नाहीं. पण त्यांनीं प्रार्थनेला काम टाळण्याची सबब केलें, असें त्यांच्याविषयीं कोण म्हणूं शकेल? त्या पांचांतील एक जण पुढें सिंहलद्वीपांत जाऊन सेवा करीत राहिला. तिसऱ्या आक्षेपाला याहून निराळें उत्तर देण्याचें कारण नाहीं. खोटी प्रार्थना असते, म्हणून खरी प्रार्थना नसते असें होत नाहीं.

पुढें १८३२ सालीं चर्च मिशनरी सोसायटीनें नाशिक येथें काम सुरू केलें, आणि १८५० नंतरच्या दशकांत विल्यम साल्टर प्राइस यांनीं शहरालगत शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसविली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलेंहि नाशिकच्या मिशनशाळेंत शिकत असत. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा तरुण १८७२ सालीं डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला पाठविलेल्या तुकडीबरोबर आफ्रिकेंत परत गेला. १८७३ सालीं लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले. त्यांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरण्यांत आलें, तेव्हां जवळपास बिशप नव्हता कीं पाळक नव्हता. प्रेतसंस्काराची उपासना वाचली ती जेकबनें, आणि झाडाच्या खोडावर अक्षरें कोरलीं तींहि त्यानेंच. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत लिव्हिंगस्टन यांची शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. नाशिकच्या शाळेंत बसून उपासना पाठ करणारा हा मुलगा एके दिवशीं कोणत्या रानांत, कोणाच्या उत्तरक्रियेला उभा राहणार आहे, याची कल्पना त्याला शिकविणाऱ्यांना असणें शक्य नव्हतें. मंडळीचीं मुलें जी प्रार्थना ऐकत वाढतात, ती त्यांच्याबरोबर कोठवर जाईल, याचा हिशेब मंडळीजवळ नसतो.

या इतिहासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मिशनचा पैसा समुद्रापलीकडून येत असे, आणि त्यामुळें महाराष्ट्रांतील मंडळ्यांना एक संवय जडली. पाळक हा मिशनचा माणूस, शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा. मंडळीनें रविवारीं यावें, बसावें आणि घरीं जावें. ज्या कामाचे पैसे दुसरा देतो, त्या कामाची काळजीहि दुसऱ्यानेंच करावी, असें मनाला वाटूं लागतें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हें फार सललें. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें अमेरिकन मराठी मिशनमध्यें त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. आणि १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून ते मोकळे झाले व ‘देवाचा दरबार’ ही कल्पना घेऊन उभे राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, त्यांचें निधन झालें. तेवढ्या अवधींत दरबाराचें रूप पुरतें घडलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु वेतनाच्या दोरीनें बांधलेली सेवा आणि मंडळीच्या अंतःकरणांतून उठलेली सेवा यांतला भेद त्यांनीं स्वतःच्या संसाराची जोखीम पत्करून दाखविला.

टिळक आणि नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, दोघेंहि कीर्तनें करीत. कीर्तनाची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर निराळें शोधावें लागत नाहीं. बुवा पुढें उभे असतात, निरूपण तेच करितात, बिदागीहि त्यांनाच मिळते. पण मागचे टाळकरी ध्रुपद धरीनासे झाले, तर बुवांचा गळा किती वेळ टिकेल? श्रोत्यांना तेव्हांच कळतें कीं, कीर्तन उभें राहत नाहीं. दोष मात्र बुवांच्या पदरीं जातो. पुष्कळ मंडळ्यांत पाळकाच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें. उपदेश फिका झाला याची चर्चा दुपारच्या जेवणापर्यंत चालते. त्या उपदेशासाठीं शनिवारीं रात्रीं कोणी प्रार्थना केली होती काय, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

पौल प्रेषिताला या ध्रुपदाची गरज वाटत होती. रोम, करिंथ, थेस्सलनीका येथील मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत तो आपल्यासाठीं प्रार्थना मागतो किंवा त्यांच्या प्रार्थनेवर भरंवसा ठेवतो. बंदिवासांतून कलस्सै येथील मंडळीला लिहितांना सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करा, असें तो म्हणत नाहीं. वचनाला वाव मिळावा आणि आपल्याला तें स्पष्ट बोलतां यावें, एवढेंच मागतो. इफिसकरांना लिहितांना तो धैर्य मागतो. ज्यानें फटके खाल्ले, ज्याचें तारूं फुटलें, ज्यानें राजांपुढें भाषणें केलीं, त्या मनुष्याला तोंड उघडण्यासाठीं दुसऱ्यांच्या प्रार्थनेचें बळ हवें होतें. मग खेडोपाडीं एकट्यानें फिरणाऱ्या पाळकाला तें नको असेल, असें मानणें हा भाबडेपणा आहे. स्तुति त्याला फुगविते, निंदा त्याला खचविते, आणि आपल्या मनांतली शंका कोणापाशीं बोलावी हें तर त्याला कधींच उमगत नाहीं, कारण सारे आपल्या शंका घेऊन त्याच्याकडे येत असतात.

प्रार्थनेनें सर्व संकटें टळतात, असें मात्र पवित्र शास्त्र शिकवीत नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांतील बाराव्या अध्यायांत पेत्र तुरुंगांत असतांना मंडळी एकाग्रतेनें प्रार्थना करिते, आणि पेत्र सुटतो. पण त्याच अध्यायाच्या आरंभीं याकोब तरवारीनें मारला गेलेला आहे. ही विषमता शास्त्रानें झांकलेली नाहीं. त्या कथेंत एक गमतीची जागा आहे. सुटलेला पेत्र दारावर थाप मारतो; रुदा नांवाची मुलगी त्याचा आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरांत दार न उघडतांच आंत धांवत जाते. आंत प्रार्थनेला बसलेली मंडळी तिला वेड लागलें असें म्हणते. प्रार्थना चालू होती, पण तिचें उत्तर दाराशीं येईल यावर विश्वास थोडा होता. तरी ती प्रार्थना ऐकली गेली. ज्या मंडळ्या आपला विश्वास अपुरा आहे म्हणून प्रार्थनेला बसण्यास संकोचतात, त्यांना ही गोष्ट मोठा धीर देणारी आहे.

महाराष्ट्रांत या विषयाचें सर्वांत ठळक उदाहरण पुणें जिल्ह्यांतील केडगांवचें आहे. १९०५ च्या जानेवारींत पंडिता रमाबाईंनीं मुक्ति सदनांतील मुलींना व स्त्रियांना विचारलें कीं, हिंदी ख्रिस्ती लोकांच्या जागृतीसाठीं रोज आपल्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल. प्रथम ७० जणी पुढें आल्या; जूनपर्यंत त्या ५५० झाल्या, आणि दिवसांतून दोनदां बसूं लागल्या. यांत कित्येक जणी दुष्काळांतून वांचविलेल्या, कित्येक विधवा. समाजानें ज्यांना कांहीं मागण्याचाहि अधिकार दिला नव्हता, अशा त्या होत्या. महिन्याच्या अखेरीस सदनांत मोठी आध्यात्मिक जागृति झाली. तिच्यांतील अश्रु, आक्रोश आणि अनावर भावना यांविषयीं तेव्हांहि मतभेद होते, आणि ते असणें स्वाभाविक आहे. परंतु त्यानंतर काय झालें हें पाहिलें पाहिजे. त्याच मुलींच्या टोळ्या आसपासच्या गांवीं सुवार्ता सांगावयास जाऊं लागल्या. मत्तयाच्या नवव्या व दहाव्या अध्यायांमधला सांधा येथें पुन्हां जुळलेला दिसतो. रमाबाई १९२२ सालीं वारल्या. त्यांनीं केलेलें बायबलचें सोपें मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यांत छापून १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

आतां परिस्थिति पालटली आहे. १९२९ सालीं नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकच मंडळी झाली. ‘मिशन पाहून घेईल’ असें म्हणावयास तें जुनें मिशनच उरलें नाहीं. पिंपळगांवसारख्या बाजारगांवीं ख्रिस्ती घरें थोडीं असावयाचीं, आणि एका पाळकाकडे अनेक गांवें असावयाचीं. अशा ठिकाणीं मंडळीनें काय मागावें? ‘सर्वांचें कल्याण कर’ अशी मोघम प्रार्थना सोपी असते, आणि तिच्यानें कोणाची झोंपहि मोडत नाहीं. पाळकाचें नांव घेऊन मागावें. त्याच्या अभ्यासासाठीं, त्याच्या घरांतल्या माणसांसाठीं मागावें. रविवारच्या शाळेंत मुलांना शिकविणाऱ्या बाईसाठीं, हिशेब ठेवणाऱ्या खजिनदाराच्या सचोटीसाठीं मागावें; बोलणें सोडून दिलेल्या दोन घरांसाठीं मागावें, आणि शेजारच्या बिगरख्रिस्ती कुटुंबासाठींहि, त्याचें नांव ठाऊक करून घेऊन. नांव घेऊन ज्याच्यासाठीं मागितलें त्याच्याशीं दुसऱ्या दिवशीं बाजारांत तुसडेपणानें बोलणें जड जातें, हा अनुभव कोणालाहि घेतां येण्याजोगा आहे.

याला मोठी सभा लागत नाहीं. तीन-चार घरें, आठवड्यांतला एक ठरलेला वार आणि एखाद्याची ओसरी एवढ्यांत भागतें. एरवीं दिवेलागणीची वेळ बरी; पण द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत माणसें पहांटेसच बागेंत जातात आणि संध्याकाळीं थकून येतात, तेव्हां त्या दोन-तीन महिन्यांत जेवणें आटोपल्यावर, अर्धा तासच बसावें.