आरटीसी क्रॉस रोड्स आणि चाहत्यांची गर्दी
हैदराबादमधील आरटीसी क्रॉस रोड्स हा चौक संध्या, सुदर्शन, देवी अशा चित्रपटगृहांमुळे तेलुगू रसिकांचे जुने केंद्र आहे. मोठ्या नायकाचा चित्रपट लागला की तेथे त्याचा ‘कटआउट’, म्हणजे सांगाड्यावर उभारलेली भव्य प्रतिमा, हारांनी सजते आणि तिच्यावर दुधाचा अभिषेकही होतो. ‘बेनिफिट शो’, म्हणजे नियमित प्रदर्शनापूर्वी चढ्या दराने होणारा खास खेळ, हा या उत्साहाचा कळस होय. चाहत्यांची ही शक्ती विधायकही ठरते: तेलुगू अभिनेते चिरंजीवी यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली रक्तपेढी मुख्यतः चाहत्यांच्या रक्तदानावर उभी राहिली, आणि या कार्याचा गौरव अधिक व्हायला हवा. मात्र ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री ‘पुष्पा २’ या चित्रपटाच्या अशाच खास खेळाला त्याचे नायक अल्लू अर्जुन संध्या चित्रपटगृहात आले असताना झालेल्या चेंगराचेंगरीत एका महिलेचा मृत्यू झाला व तिचा मुलगा गंभीर जखमी झाला. त्यानंतर तेलंगण सरकारने अशा खेळांना परवानगी नाकारण्याचे जाहीर केले. तथापि केवळ बंदी पुरेशी नाही. गर्दीची मर्यादा ठरवणे, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि कलाकाराच्या आगमनाची आगाऊ आखणी करणे, ही जबाबदारी चित्रपटगृहे, पोलीस व कलाकार यांनी मिळून उचललीच पाहिजे.