यकृताचा कर्करोग : निदान आणि उपचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नारायण पेठ, पुणे येथे दिलेले भाषण)



'डॉक्टर, आमच्या घरात मद्याचा थेंबही येत नाही. मग यकृताचा विकार कसा?' हा प्रश्न आपल्या समाजातील रुग्ण मला नेहमी विचारतात. मद्य हे एक कारण खरे; परंतु 'ब' आणि 'क' प्रकारची कावीळ, मधुमेह, स्थूलता आणि यकृतात साठणारी चरबी ही कारणे निर्व्यसनी, शाकाहारी घरांतही शिरतात. मिष्टान्नाला व्यसन म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही, एवढेच! बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि ते भाजूनही पुरते नष्ट होत नाही. असे अन्न अभक्ष्य मानणाऱ्या परंपरेने येथे मात्र आपले रक्षणच केले आहे.

श्री. अमिताभ बच्चन यांनी स्वतःची हकिकत जाहीरपणे सांगितली आहे. १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले आणि त्यातून 'ब' काविळीचा विषाणू शरीरात आला. पुढे कित्येक वर्षांनी नेहमीच्या तपासणीत तो आढळला, तेव्हा यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झालेला होता. ही हकिकत कर्करोगाची नव्हे. परंतु कर्करोगाकडे जाणारी वाट बहुधा हीच असते. आधी सूज, मग सिरॉसिस, मग गाठ. तोवर यकृत तक्रार करीत नाही.

म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी. जोडीला अल्फा फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी. केवळ रक्ततपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नये. गाठ दिसल्यास विशेष सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, गाठीला मात्र धमनीतून. त्यामुळे टोचलेले रंगद्रव्य गाठीत आधी उजळते आणि लवकर ओसरते. सिरॉसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट असेल, तर सुईने तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही. सुईच्या भीतीने तपासणी लांबवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उपचार ठरवताना दोन प्रश्न असतात : गाठ केवढी, आणि उरलेले यकृत कसे? यकृत सक्षम असेल तर शस्त्रक्रिया. लहान गाठ सुईद्वारे उष्णता देऊन जाळता येते. मोठ्या वा अनेक गाठींच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा रोखतात. यकृतच जीर्ण झाले असेल आणि गाठ पाच सेंटिमीटरच्या आत असेल, तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. जिवंत नातेवाईकही यकृताचा भाग देऊ शकतो, कारण उरलेले यकृत पुन्हा वाढते. पुढे येते ती बहुधा पत्नी किंवा आई. पुरुषमंडळी त्या वेळी दुकानाची अडचण सांगतात!

रोग पसरल्यावर गोळ्या आणि प्रतिकारशक्तीला बळ देणारी इंजेक्शने उरतात. त्यांतील सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. २०१२ मध्ये शासनाने सक्तीचा परवाना दिल्यावर तेच औषध सुमारे ८,८०० रुपयांत मिळू लागले. देशातील हा असा पहिलाच परवाना.

'ब' काविळीची लस २०११ च्या सुमारास देशभर राष्ट्रीय कार्यक्रमात आली. म्हणजे या सभागृहातील बहुतेकांना ती बालपणी मिळालेली नाही. आपल्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाब तपासतातच; त्याच वेळी 'ब' आणि 'क' काविळीसाठी रक्त घ्यावे, दोष न आढळल्यास 'ब'ची लस द्यावी आणि आढळल्यास रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. औषधदानाच्या निधीतून हा खर्च सहज भागेल.