अंधारात पळणारा मीटर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कारखान्याच्या वीज विभागात माझी ३४ वर्षे गेली, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. "हे आता डोळ्यांवर काय बोलणार?" असे कुणाच्या मनात आले असेल, तर त्यात वावगे काही नाही. पण डोळ्याचे दुखणे पदरी आले, तेव्हा मी त्याच्याकडे आपल्या खात्याच्या नजरेने पाहिले. त्यातून जे समजले, तेच आज सांगणार आहे.

एक साधा प्रश्न. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. बोलताना आपण त्याला पडदा म्हणतो. या पडद्याला जास्त शक्ती कधी लागते, उजेडात की अंधारात? कोणीही म्हणेल, उजेडात. घरात दिवा लावला की मीटर पळतो, विझवला की मंदावतो. पडद्याचे मात्र उलटे आहे!

अंधूक उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या दंडाकार पेशी प्रत्येक डोळ्यात दहा कोटींच्या आसपास असतात. अंधारात या पेशींची सूक्ष्म दारे उघडी राहतात आणि त्यांतून सोडियमचे विद्युतभारित कण सतत आत येतात. आत आलेले सोडियम बाहेर फेकण्यासाठी पेशीला आपले पंप अखंड चालवावे लागतात. पावसाळ्यात खाणीत पाणी भरत असताना पंप थांबवता येत नाही, तसेच हे. १९७० साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पडद्यात हा प्रवाह मोजला. त्याचे नावच 'अंधारातील प्रवाह' आहे. उजेड पडला की दारे मिटतात, प्रवाह थांबतो आणि पंपावरचा भार उतरतो. प्रवाह थांबणे हीच 'उजेड आला' याची खूण.

पेशीचे इंधन म्हणजे एटीपी नावाचे रेणू. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, उंदराची एक दंडाकार पेशी अंधारात सेकंदाला सुमारे दहा कोटी रेणू खर्च करते. प्रखर उजेडात हा खर्च तीन चतुर्थांशाहून अधिक घटतो. अंधारातली ही उधळपट्टी कशासाठी? तर सदैव सज्ज राहण्यासाठी. या पेशी प्रकाशाचा एक कणसुद्धा टिपू शकतात.

खर्च आला की पुरवठा आला. मांजरांवरील प्रयोगांत असे दिसले, की अंधारात या पेशींजवळचा प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो. म्हणजे निरोगी डोळ्यातही रात्रीचा पुरवठा जेमतेम. त्यात मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या बुजू लागल्या तर? पडदा गुदमरतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात. त्यांतून रक्तस्राव होतो.

माझे तेच झाले. ११ वर्षे मधुमेह होता, पण चष्म्याचा नंबर बदलला नाही म्हणून पडदा कधी तपासला नाही. सौभाग्यवती दरवर्षी आठवण करायची. मी म्हणायचो, "अगं, मला अजून सुई ओवता येते." २०१६ च्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगू लागले.

डॉक्टरांनी लेसर सांगितला. मी विचारले, "त्याने काय दुरुस्त होईल?" ते म्हणाले, "दुरुस्त काही नाही. कडेच्या काही पेशी जाळायच्या, म्हणजे त्यांना लागणारा प्राणवायू वाचतो आणि उरलेल्या पडद्याचा निभाव लागतो." मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, हे तर लोडशेडिंग!" ते हसले. मला हसू आले नाही. भार वाढला की कोणता फीडर बंद करायचा, हे मी आयुष्यभर ठरवत आलो. आता माझ्याच डोळ्यातले फीडर बंद होणार होते.

लेसरने दृष्टी वाचली. मी वृत्तपत्र वाचतो, पत्ते खेळतो. पण रात्रीच्या आरतीनंतर मांडवातून घरी जाताना नातवाचा हात धरावा लागतो. कडेचे आणि अंधारातले दिसणे कमी झाले, ते परत येणार नाही.

तुम्ही विचाराल, मग रात्री डोळ्यांवर मंद उजेड ठेवून हा खर्च वाचवता येणार नाही का? शास्त्रज्ञांनीही हाच विचार केला. मधुमेहामुळे पडद्याला सूज आलेल्या रुग्णांना झोपताना उजेड देणारा मुखवटा देऊन ब्रिटनमध्ये दोन वर्षे चाचणी झाली. २०१८ साली निष्कर्ष आला: फायदा नाही. तेव्हा दिवा लावून झोपण्याचा उपाय घरी करू नका. आज लेसरबरोबर डोळ्यात देण्याची इंजेक्शनेही आहेत. पण वेळेवर पोचलो तरच त्यांचा खरा उपयोग.

या सभागृहात मधुमेह असलेले आपण बरेचजण आहोत. मघाशी मोदकाला नाही म्हणणारे हात मी मोजलेत! त्या सर्वांना हात जोडून विनंती. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या. थेंबांनी काही तास अंधूक दिसते, म्हणून स्कूटर घरी ठेवा आणि कुणाला तरी सोबत न्या. दिसते आहे म्हणून सगळे ठीक आहे, असे समजू नका. सबस्टेशनवर पंखा फिरतोय म्हणून आपण ट्रान्सफॉर्मर तपासायचे सोडत होतो का?

पुढच्या वर्षी बाप्पा येतील, तेव्हा त्यांचे रूप आपण सर्वांनी डोळे भरून पाहावे, एवढीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!