पळी तळापर्यंत घाला



आता श्रावण तोंडावर आलाय. आपल्या सोलापूरकडं बऱ्याच घरांत महिनाभर मटण-मासळी बंद होईल. माळकऱ्यांच्या घरात तर ते बाराही महिने नसतं. आणि ज्यांच्या घरात चालतं, त्यांच्याकडं तरी रोज कुठं परवडतं? म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस आपली चूल भाकरी आणि डाळी-कडधान्यांवरच पेटते. तरीसुद्धा जेवायला बसलेला माणूस विचारतो, "आज नुसतंच कोरड्यास का?" या 'नुसतंच' शब्दावर आज बोलायचंय.

रविवारी मटण आणलं की आपण काय करतो? कांदा भाजतो, सुकं खोबरं भाजतो, लसूण-आलं वाटतो, काळं तिखट घालतो, वाटण तेल सुटेपर्यंत परततो. तासभर मंद आचेवर रटरटू देतो. सगळी गल्ली म्हणते, आज यांच्याकडं बेत आहे. आणि सोमवारी हरभऱ्याचं कालवण करताना काय करतो? मोहरी-जिरं तडतडलं, तिखट-मीठ पडलं, वरून तांब्याभर पाणी. आणि मग म्हणायचं, मटणाची चव कडधान्याला कुठली! अगं, ती चव निम्मी त्या वाटणाची आणि निम्मी तुझ्या वेळेची होती. तेवढाच मान हरभऱ्याला देऊन बघा.

पाच माणसांसाठी पाव किलो गावरान हरभरे घ्या, ते बारीक, तपकिरी असतात ते. रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. त्यात डाळ लवकर शिजत नाही, दाणे टणक राहतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्याला एक सोपा उपाय आहे. भिजवतानाच पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकायचं, दाणे मऊ शिजतात. सोडा नको, त्यानं दाण्यातलं जीवनसत्त्व मरतं. आणि चिंच किंवा टोमॅटो दाणे शिजल्याशिवाय घालायचा नाही, कारण आंबट आधी पडलं की दाणा अडून बसतो.

सकाळी भिजवलेलं पाणी ओतून द्या. पोटात वायू धरतो त्याचं बरंचसं कारण त्या पाण्यात उतरलेलं असतं. दाणे धुऊन ताज्या पाण्यात कुकरला पाच-सहा शिट्ट्या काढा. हे शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका, त्यातच कस असतो. एवढं लक्षात ठेवा : भिजवलेलं टाका, शिजवलेलं राखा.

आता वाटण. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं खरपूस भाजा. आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा, चमचाभर तीळ, मूठभर कोथिंबीर घ्या. यात शिजलेल्या हरभऱ्यांतली एक पळी घालून सगळं बारीक वाटा. हा एक पळी हरभरा रश्शाला जो दाटपणा देतो, तो पाणी आटवून येत नाही. तेलात वाटण परता, तेल सुटलं की दोन चमचे काळं तिखट, मग हरभरे आणि त्यांचं पाणी. मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळू द्या. चुलीवरून उतरल्यावर ताटात लिंबू पिळायचं. ज्यांच्याकडं श्रावणात कांदा-लसूण चालत नाही, त्यांनी खोबरं, तीळ, शेंगदाण्याचं कूट आणि आलं घ्यावं. काही अडत नाही.

आता म्हणाल, चव आली, पण ताकदीचं काय? त्याचा हिशोब करू. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. त्यांच्या हिशोबानं पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. प्रथिनं म्हणजे अंग भरून काढणारा, झीज भरणारा भाग. दिवसभरात चार ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, तर त्यातून तीसेक ग्रॅम मिळतात. उरले सोळा. शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात, मग तो हरभरा असो, हुलगा असो की मटकी. म्हणजे दिवसाला ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम कडधान्य पोटात गेलं की हिशोब जुळतो. त्याच संस्थेनं २०२४ साली सांगितलेलं दिवसाचं माप पण ८५ ग्रॅमच आहे. कोरडं मोजलं तर साधारण दोन मुठी. मुठी लहान-मोठ्या असतात, म्हणून गटात कुणाकडं वजनकाटा असेल त्यावर एकदा आपापली मूठ मोजून बघा.

शिवाय नुसत्या भाकरीच्या प्रथिनात एक उणीव असते, आणि नेमका तोच भाग कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात जे थोडं कमी, ते भाकरीत मिळतं. दोघी जावा एकमेकींचं काम सांभाळून घेतात तसं हे आहे. भाकरी आणि हुलगा, भाकरी आणि पिठलं ही जोडी आपल्या आज्यांनी मोजमाप न शिकता लावून दिली. मंगळवेढ्याची ज्वारी आपण कौतुकानं खातो, पण तिच्या शेजारी वाटीत दाणे नसतील तर ताट अर्धंच.

आता खरं बोलूया. पाच माणसांचं घर, प्रत्येकी ८५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सव्वाचारशे ग्रॅम डाळी-कडधान्य. आपल्याकडं किती शिजतं? बऱ्याच घरांत एक वाटी तूर दोन वेळेला पुरवतात. मग त्या डाळीत पाणी वाढतं. आणि कुणाच्या वाटीत किती पाणी येतं, ते पंगत ठरवते. आधी बाप्ये, मग पोरं, मग सासू. शेवटी बसते स्वयंपाक करणारी. तोवर वरचा दाटपणा आणि खालचे दाणे दोन्ही संपलेले. ती भाकरी कुस्करते, उरलेला रस्सा ओतते, चटणी घेते आणि म्हणते, माझं झालं. घरातल्या नव्या सुनेचं तर विचारूच नका. ती गरोदर असली तरी तिचा नंबर शेवटचा.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या गटात वीसजणी बसल्या असतील तर त्यातल्या दहा-अकराजणी. दम लागतो, चक्कर येते, पाय ओढतात, आणि आपण म्हणतो, वय झालं. रक्त कमी असण्याची कारणं पुष्कळ आहेत. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्यायच्याच, त्याला कडधान्य हा पर्याय नाही. पण रोजच्या ताटात दाणाच नसेल, तर गोळी एकटी तरी किती ओढणार?

कडधान्यातलं लोह अंगाला लागावं म्हणून तीन गोष्टी करा. ताटात लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो असू द्या. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको, कारण चहा लोह अडवून धरतो. आणि जमेल तेव्हा मोड आणा. मटकी आठ तास भिजवा, फडक्यात घट्ट बांधा, उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत जास्त लागतात. मोड आल्यानं दाणा पचायला हलका होतो आणि त्यातलं लोह मोकळं होतं. फक्त गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी मोडाचं कच्चं खाऊ नये, शिजवूनच खावं.

आता हुलग्याकडं येते. याला काही जण घोड्याचं खाणं म्हणतात, आणि त्यामुळं तो पाहुण्यापुढं ठेवायला लाजतात. पण कमी पावसात, हलक्या जमिनीत जे पीक तग धरतं, ते हुलगा. त्याची शेंगोळी करा. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, त्यात वाटलेला लसूण, जिरं, तिखट, हळद, मीठ. घट्ट मळा. तळहातावर वळून बोटाएवढी वळी करा आणि टोकं जुळवून कडी करा. भांड्यात लसणाची सढळ फोडणी द्या, पाणी घाला, खळखळ उकळलं की शेंगोळी एकेक सोडा. झाकण ठेवून वीस मिनिटं शिजवा. थोडं पीठ पाण्यात कालवून शेवटी घातलं की रस्सा दाटतो. पावसात भिजून आलेल्या माणसाला याच्याइतकं ऊबदार दुसरं काही नाही. आणि यात एक गंमत आहे. शेंगोळी मोजता येतात. कुणाच्या ताटात किती गेल्या ते लपत नाही.

बिनमटणाची मेजवानी होत नाही म्हणणाऱ्यांना मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आठवून द्या. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, तिकडं लातूर-धाराशिवपर्यंत त्या दिवशी गाव रिकामं आणि शेतं भरलेली. भज्जीत काय नसतं! ओल्या तुरीचे दाणे, सोलाणे, वाटाणे, पावटे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, आणि हे सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे आणि आंबील. वाटसरूला हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी कुणी विचारत नाही, नुसतीच भज्जी का? कारण त्या भज्जीत दाणे मुबलक असतात, आणि बाया पण सगळ्यांबरोबर शेतातच पंगतीला बसतात. मेजवानी म्हणतात ती हीच.

मग रोजच्याला एवढे दाणे आणायचे कुठून? इथं गटाचा उपयोग आहे. तूर साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येते, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा आपल्याच शिवारातला माल व्यापाऱ्याकडं जातो, आणि पावसाळ्यात आपण तोच पाव-पाव किलो दुकानातून चढ्या भावानं आणतो. वीसजणींनी मिळून सुगीतच पोती घेतली आणि वाटून घेतली तर वर्षाची सोय होते. गटाच्या बचतीतून यासाठी छोटं कर्ज घेता येईल का, यावर बैठकीत बोला. साठवताना कडक ऊन द्या, गार झाल्यावर भरा. भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, म्हणून जमेल तेवढ्याची लगेच डाळ करून ठेवा. अख्ख्या दाण्यांना एरंडेलाचा हलका हात लावा, किंवा कणगीत वरून चाळलेल्या राखेचा थर द्या. खायला काढताना धुऊन घ्यायचं, बस.

ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम ढीगभर खाऊ नये. थोडं-थोडं वाढवा, फोडणीत हिंग-ओवा घाला. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच त्यांचं प्रमाण ठरवा.

आणि आता शेवटचं. हे पैशानं होत नाही, पिठानं होत नाही, फक्त हातानं होतं. कालवण उतरवलं की वाढायच्या आधी पळी तळापर्यंत घाला आणि हलवा. दाणे वर आले पाहिजेत. मग घरात जितकी माणसं तितक्या वाट्या ओळीनं मांडा. त्यात तुमची वाटी पण. सगळ्या वाट्यांत सारखे दाणे घाला, तुमची झाकून बाजूला ठेवा आणि मग पंगत बसवा. कुणी विचारलं, ही कुणाची, तर सरळ सांगा, माझी. यात भांडण नाही, कुणाच्या तोंडचा घास काढायचा नाही. ज्या घरात सगळ्यांनी एकत्र बसायची रीत पडेल तिथं तर झाकायची पण गरज नाही. तोवर वाटी मांडा. सुनेची मांडा, लेकीची मांडा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न प्रत्येकीनं शेजारणीला विचारा : काल तुझ्या वाटीत दाणे किती होते? उत्तर काय येतं ते आम्हाला कळवा.